रात्रपाळीचे आठवडे: गेमिंगच्या आहारी गेलेल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. घर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आई घरी विड्या वळते. मोठी बहीण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, आणि मुलगा हेडफोन लावून मित्रांशी बोलतो ती हिंदी. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. पण क्रम तोच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं क्रमावरच अवलंबून आहे.

डिसेंबरात आई आणि ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या, मुलगा आला नव्हता. तक्रारींची यादी मोठी होती. दिवाळीनंतर कॉलेज बंद. पहाटे तीन-चारपर्यंत जाग, दुपारी बारानंतर उठणं. ताट शेजारी ठेवलं तर खेळता खेळता दोन घास, नाहीतर तसंच. चुलतभावाच्या लग्नाला सगळं घर गेलं, हा एकटा घरी राहिला. आणि आईच्या खात्यातून थोडे थोडे करून ११,४०० रुपये गेले होते. ते भिशीचे पैसे होते. आईचा यूपीआय पिन त्याला ठाऊक होता, कारण आईला तो त्यानेच लावून दिला होता.

घर मदत मागायला बाहेर पडलं ते पैसे गेल्यावर. अभ्यास गेला तेव्हा नाही, झोप गेली तेव्हाही नाही. यात मी आईला दोष देत नाही. हजार विड्या वळून हातात काय पडतं हे ज्याला माहीत आहे, तो देणार नाही. शिवाय आईचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटलं: "घरातच बसून खेळालाय की ओ मॅडम. बाहेर उनाडत नाही, मावा-गुटखा खात नाही, कुणाच्या भांडणात नाही. मला वाटलं, बरंच आहे." ज्या वस्तीत मुलगा संध्याकाळी बाहेर असणं हीच आईची मोठी काळजी, तिथे मोबाइल आधी राखणदार म्हणून येतो. पुढे त्याचं काय होतं ते कळायला वेळ लागतो.

आधी केलेले उपायही मी नीट विचारून घेतले. वडिलांनी दिवाळीत मोबाइल फरशीवर आपटून फोडला. मुलाने दोन दिवस अन्न घेतलं नाही, शोकेसची काच फोडली, "जीव देतो" म्हणाला. घाबरून पंधरा दिवसांत हप्त्यावर नवा मोबाइल आला, आधीच्यापेक्षा चांगला. मग मामाच्या गावाला धाडला, तिथे मामाच्या मोबाइलवर खेळला. रिचार्ज बंद केला तर शेजारच्या पोराचा हॉटस्पॉट मिळाला. एका नातेवाइकाने व्यसनमुक्ती केंद्रात 'ठेवून द्यायला' सांगितलं होतं. ते मी स्पष्टपणे थांबवलं. दारू सोडवायला आलेल्या मोठ्या माणसांमध्ये सोळा वर्षांच्या मुलाला कोंडून ठेवल्याने त्याचा खेळ सुटत नाही, घरावरचा विश्वास मात्र जातो.

पहिलं काम सुरक्षिततेचं. "जीव देतो" हे वाक्य धमकी म्हणून सोडून द्यायचं नसतं. पुढे मुलगा भेटल्यावर मी त्याला सरळ विचारलं: मरणाचा विचार येतो का, कधी येतो, काही ठरवलं होतं का? असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्याने सांगितलं, मोबाइल फुटला त्या रात्री गच्चीवर गेलो होतो, मग खाली आलो. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवलं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर ताईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. त्या घरात तो नंबर पुढे एकदा वापरला गेला, रात्री, आणि आईनेच लावला.

हा आजार आहे का

वडिलांचा हाच प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. लक्षणं फार तीव्र असतील तर मुदत कमी धरता येते. रोज किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा त्यात कुठेही नाही. पालक मात्र आधी तासच सांगतात. चार तास खेळून शाळा, झोप, मित्र सांभाळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि दोन तासांत घर जाळून टाकणारीही.

त्याच वर्गीकरणात आजाराच्या अलीकडची एक नोंद आहे: धोकादायक पातळीचं खेळणं. म्हणजे आजार ठरला नाही, पण तब्येतीला, मनाला किंवा घराला इजा व्हायची शक्यता वाढली आहे. डॉक्टरांनी तूर्त तीच नोंद धरली आणि आजाराचा शिक्का मोकळा ठेवला. खेळ हाताबाहेर गेल्याला जेमतेम तीन-चार महिने झाले होते. सोबत उदासपणाची लक्षणं होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. गेमिंगच्या सवयीवर म्हणून मंजूर झालेलं औषध नाही, हे वडिलांना समजावून सांगावं लागलं. त्यांना 'एक गोळी' हवी होती, आणि थकलेल्या माणसाने ती मागण्यात काही वावगं नाही.

तीन-चार महिने हे आम्हाला कळलं कसं? कॅलेंडरवरून. आईला कुठल्याच गोष्टीची तारीख सांगता येत नव्हती, पण कॅलेंडरची जुनी पानं तिने जपून ठेवली होती. पाणी आलेले दिवस, भिशीची तारीख, दुधाचा हिशेब, आणि वडिलांच्या पाळ्या, 'रा' आणि 'दि'. ती पानं जमिनीवर पसरून आम्ही तिघी बसलो. नंतर कॉलेजच्या हजेरीच्या तारखा आणि मोबाइलमध्ये दिसणारा वापराचा वेळ त्यावर मांडला. तीन गोष्टी दिसल्या.

कॉलेज दिवाळीनंतर बंद झालं नव्हतं. गणपतीच्या आधीच तो वर्गात बसेनासा झाला होता. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संभाजी तलावाकडे नाहीतर पार्क चौकात वेळ काढून परत यायचा. खेळ वाढला तो त्यानंतर. दहावी मराठी माध्यमातून ७८ टक्के, अकरावीला फिजिक्स इंग्रजीतून. पहिल्याच चाचणीत सहा गुण. घरी सांगायचं कसं, हे न सुचून त्याने कॉलेज सोडलं, आणि रिकाम्या झालेल्या दिवसात खेळ पसरला. "मोबाइलमुळे शिक्षण गेलं" हे घरातलं वाक्य निम्मंच खरं होतं.

दुसरी गोष्ट, पहाटेपर्यंतचं जागरण दर आठवड्याला सारखं नव्हतं. वडिलांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात ते कळसाला जायचं आणि दिवसपाळीच्या आठवड्यात बाराच्या आत उतरायचं. म्हणजे ताबा पूर्ण सुटला नव्हता. उपचारासाठी ही फार मोलाची माहिती होती.

तिसरी गोष्ट आईच्याच तोंडून आली. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्यांच्या गल्लीत ते बऱ्याचदा रात्री दोन-अडीचला. "पाण्याला तोच जागा असतो, मोटर तोच लावतो." दिवसभर विड्या वळून पाठ धरलेल्या बाईला मध्यरात्री उठावं लागत नव्हतं. मुलाच्या जागरणाचा घराला उपयोग होता. ही गोष्ट मोकळेपणाने मांडल्याशिवाय 'रात्री झोप' हा नियम त्या घरात टिकला नसता.

मुलगा काय म्हणाला

ताईने त्याला खोटं बोलून आणलं नाही. "तुझ्याबद्दल आम्ही एकांशी बोललोय, तुझी बाजू तू सांग," एवढंच म्हणाली. पहिल्या भेटीत मी कॉलेजचा विषय काढला नाही. खेळ कसा असतो ते त्याच्याकडून समजून घेतलं. चौघांची तुकडी, म्हणजे स्क्वॉड. नकाशावर उतरायचं, शस्त्रं गोळा करायची, शेवटपर्यंत टिकायचं. हा स्क्वॉडचा म्होरक्या, कुठे उतरायचं, कधी धावायचं, कधी थांबायचं हे तोच सांगणार. सांगताना पाठ ताठ झाली, आवाज बदलला. कॉलेजात तोंड न उघडणाऱ्या मुलाचं इथे तिघे ऐकत होते.

मग मी विचारलं, "मजा येते का अजून?" बराच वेळ गेला. म्हणाला, "आधी यायची. आता नाही खेळलं तर टेन्शन येतं."

मला या प्रकरणात जे सांगायचं आहे ते या उत्तराशी जोडलेलं आहे. खेळात मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवतं, हे १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने मेंदूचं चित्रण करून दाखवलं होतं. पण डोपामाइन आवडत्या कितीतरी गोष्टींत स्रवतं, तेवढ्याने व्यसन समजत नाही. या खेळांची पकड दोन ठिकाणी असते. एक बक्षिसाच्या पेट्यांत. पेटी उघडल्यावर काय निघेल हे ठरलेलं नसतं, आणि केव्हा मिळेल हे माहीत नसलेलं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कित्येक दशकांपूर्वी दाखवलं होतं. दुसरी पकड बांधिलकीची. काही आठवड्यांचा सीझन, तो संपला की रँक खाली येणार, पुन्हा चढायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर मोजक्याच खेळाडूंना जागा, त्यामुळे थांबलं की कुणीतरी पुढे जातो. आणि सगळ्यात घट्ट गाठ चौघांची: दहाला सामना ठरलाय, मी नसलो तर बाकी तिघे हरतील. सोळा वर्षांच्या मुलाला मित्रांशी दगा करणं जड जातं, आणि ते जड जावं हे चांगलंच आहे. घर मात्र त्याला मोह समजून मोबाइल ओढत होतं.

पैशांचाही तिथेच उलगडा झाला. निम्मे पैसे खेळातल्या कपड्यांवर आणि शस्त्रांच्या सजावटीवर गेले होते. निम्मे खाजगी 'रूम'मध्ये, म्हणजे माणशी ५० रुपये भरायचे, जिंकणाऱ्या तुकडीला रक्कम. हा जुगारच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण अशा रूम चॅट ग्रुपवर पोरंपोरंच चालवतात. एखादं ॲप बंद केलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही होत नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी होतं. पोरं दुसऱ्या खेळांकडे वळली, आणि पुढच्या वर्षी तो खेळ भारतीय नावाने परतला. वयाची मर्यादाही तशीच: याचं खातं वडिलांच्या नंबरवर, म्हणून खेळाच्या हिशेबी तो ४४ वर्षांचा.

काय केलं

पिन बदलला, तो फक्त आई आणि ताईकडे. खात्यात मोजकेच पैसे, भिशीचे वेगळे. हे पहिल्याच दिवशी झालं आणि त्यावर वाटाघाट नव्हती.

त्यानंतर तास कमी करण्याच्या मागे आम्ही लागलो नाही, झोपेच्या मागे लागलो. झोपेची वही त्यानेच लिहायची. रात्री साडेदहाला मोबाइल आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी चार्जिंगला. पाण्याची पाळी वाटून घेतली: रात्रपाळीच्या आठवड्यात ताई, नाहीतर वडील. आणि रात्रपाळीला वडिलांनी जेवणाच्या सुट्टीत, साधारण अकराला, घरी फोन करायचा. ओरडायला नाही, बोलायला. यात एक अडचण होती. वीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्याने वडिलांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात. घरात सगळ्यांना वाटायचं, ते कायम चिडलेले असतात. मुलाला हे मी सांगितलं तेव्हा तो चकित झाला. सोळा वर्षांत हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

मग स्क्वॉड. मुलाची परवानगी घेऊन त्यालाच निरोप द्यायला लावला. दोघे त्याच गल्लीतले, ते आले. तिसरा विजापूरचा, कधीच न भेटलेला, फोनवर. चौघांचीही रात्रीची झोप गेली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकी तिघांसाठी आपण जागतो! एकाने तर सरळच म्हटलं, "मला तर झोप येते बे, पण तू कॉल करतो म्हणून येतो." ठरलं असं: सामने संध्याकाळी सात ते नऊ, दहानंतर कुणी कुणाला बोलवायचं नाही, पैशांची रूम बंद, परीक्षेच्या आठवड्यात बदली खेळाडू. हा नियम आईवडिलांनी घातला असता तर एक रात्र टिकला नसता. चौघांनी घातला म्हणून टिकला, तोही पूर्ण नाही.

पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. चिडचिड, डोकं दुखणं, ताईशी भांडणं. असं होणार हे घराला आधी सांगून ठेवलं होतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला तो स्क्वॉडमधल्या दोघांबरोबर गेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दुपारभर चालला आणि दमून साडेनऊला झोपला. वहीत त्या दिवसापुढे त्याने वेळ तेवढी लिहिली आहे.

फेब्रुवारीअखेर घसरण झाली. सीझन संपत आला होता, विजापूरच्या मुलाला नियम नको झाले, त्याने दुसरा म्होरक्या शोधला आणि याला ग्रुपमधून काढलं. वडिलांचा रात्रपाळीचा आठवडा. चार रात्री सलग खेळला, अनोळखी लोकांबरोबर. पाचव्या रात्री आईने मोबाइल मागितला तेव्हा रडला आणि पुन्हा "जीव देतो" म्हणाला. आईने १४४१६ लावला, ताई त्याच्याजवळ बसली, वडील पाळी अर्धी टाकून घरी आले. मोबाइल कुणी फोडला नाही. मी या रात्रीला अपयश मानत नाही. दिवाळीच्या आणि या रात्रीत घराने केवढं अंतर कापलं, ते मला दिसतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं आणि उदासपणासाठी औषध सुरू केलं.

खरी कोंडी मात्र कॉलेजची होती, आणि तिथे वडील अडून बसले. "माझं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. याने पण कारखान्यातच जायचं?" त्यांच्यासाठी सायन्स म्हणजे कारखान्यातून सुटका. मुलाला बारावी सायन्स झेपणार नाही, हे त्यांनी मान्य करणं म्हणजे ती सुटका सोडून देणं. दोन-तीन बैठका यावरच गेल्या. घाईने होकार काढून घ्यावा असं मला वाटत नव्हतं. असा होकार पहिल्या भांडणात परत घेतला जातो. शेवटी कारखान्यातल्याच एका वायरमनशी वडील स्वतः बोलून आले आणि मुलाला घेऊन आयटीआय बघायला गेले. विजापूर रोडला बाप-लेक दोघेच, मोटारसायकलवर. परतताना काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. अकरावीची परीक्षा त्याने दिली नाही. इलेक्ट्रिशियनसाठी अर्ज भरला.

जूनअखेरची स्थिती: रात्री साधारण साडेअकराच्या आत झोप, रात्रपाळीच्या आठवड्यात एखाद-दुसरी रात्र अजून चुकते. खेळ रोज दीड-दोन तास, गल्लीतल्या दोघांबरोबर आणि एका नव्या मुलाबरोबर. रूमचे पैसे बंद. मरणाचे विचार नाहीत, औषध चालू. भिशीतले ११,४०० तो फेडतो आहे, सुट्टीत शेजारच्या घरांच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली काम करून. निम्म्याहून थोडे कमी फेडून झाले आहेत. वजन केलेलं नाही, पण ताट रिकामं होतं असं आई सांगते.

पुढची भेट आयटीआय सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात ठेवली आहे. तेव्हा नवं शिक्षण, नवा सीझन आणि वडिलांची रात्रपाळी तिन्ही एकाच आठवड्यात येतात, हे कॅलेंडरवर त्यानेच दाखवलं.